पांढऱ्याच्या पलीकडचा पांढरा

दातांच्या दवाखान्यात एक छोटी पट्टी असते. तिला शेड गाईड म्हणतात. चिनीमातीचे सोळा दात तिच्यावर ओळीनं खोचलेले असतात आणि प्रत्येकाला नाव असतं: ए-टू, बी-वन, सी-फोर, डी-थ्री. ए म्हणजे तांबूस-तपकिरी छटा, बी तांबूस-पिवळी, सी करडी आणि डी तांबूस-करडी. आकडा वाढेल तसा दात गडद. व्हिटा या जर्मन कंपनीनं ही पट्टी १९५६ साली आणली आणि आजही कॅप बसवताना किंवा कवळी करताना जगभरचे दंतवैद्य तीच पेशंटच्या ओठाशी धरतात. तिचं काम साधं होतं. एखादा दात गेला आणि त्याजागी नकली बसवायचा, तर तो शेजारच्या दातांत मिसळून गेला पाहिजे, नकली म्हणून ओळखू येता कामा नये. म्हणून माणसांच्या तोंडात प्रत्यक्ष दिसणाऱ्या रंगांचे हे नमुने. गंमत अशी की या सोळांत ज्याला आपण जाहिरातीच्या अर्थानं पांढराशुभ्र म्हणू, असा एकही दात नाही.

पुढे दात पांढरे करून घेण्याची लाट आली आणि पट्टी अपुरी पडायला लागली. ब्लीच केलेला दात ताडून पाहायचा कशाशी? त्याच्याइतका फिकट नमुनाच नव्हता. मग कंपन्यांनी सगळ्यांत फिकट छटेच्याही अलीकडे आणखी छटा जोडल्या. त्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात आणि त्यांना सरळ ‘ब्लीच शेड्स’ म्हणतात, कारण न रंगवलेल्या, न उजळवलेल्या तोंडात त्या क्वचितच सापडतात. सौंदर्यदंतवैद्यकात एक ढोबळ नियम सांगितला जातो: दात डोळ्यांच्या बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यापेक्षा जास्त पांढरे करू नयेत, नाहीतर चेहऱ्यात आधी दातच दिसतात. हल्लीचे नटनट्या आणि निवेदक पाहिले, तर हा नियम कुणी मनावर घेतलेला दिसत नाही.

मुळात दात पिवळसरच असतो. बाहेरचं एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज. पण ते अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन असतं, ते पिवळं. आपल्याला बाहेरून जो रंग दिसतो, तो बराचसा या डेंटिनचा. हिरडीजवळ एनॅमल पातळ होत जातं, म्हणून तिथं दात जास्त पिवळा दिसतो. सुळ्यांमध्ये डेंटिन भरपूर, म्हणून सुळे शेजाऱ्यांपेक्षा गडद. वयाबरोबर एनॅमल झिजतं, आत डेंटिनचे नवे थर साठतात आणि पन्नाशीतला दात विशीतल्या दातापेक्षा आपोआप गडद होतो. त्यात रोग कसलाही नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांचे आईवडील नेहमी घाबरून येतात, ‘डॉक्टर, पक्के दात पिवळे आलेत हो!’ पिवळे आलेले नसतात. शेजारी अजून दुधाचे दात असतात आणि ते खरोखरच जास्त पांढरे असतात, म्हणून तुलनेत नवे मळकट वाटतात.

या नैसर्गिक रंगावर बाहेरून चढणारे डाग वेगळे. चहा, तंबाखू, गुटखा, सुपारी, काही औषधी माउथवॉश यांचे डाग पृष्ठभागावर बसतात. दंतवैद्याकडे जाऊन दात साफ करून घेतले की ते निघतात. आपल्याकडे ‘दात साफ केले की हलायला लागतात’ अशी एक घट्ट समजूत आहे. खरं तर किटणानं हिरड्या आधीच सैल केलेल्या असतात आणि ते किटणच दातांना टेकू देत असतं. ते काढलं की खरी अवस्था कळते आणि खापर डॉक्टरांवर फुटतं. गमतीची गोष्ट म्हणजे याच साफसफाईला नाकं मुरडणारा माणूस ब्लीचिंगसाठी मात्र हौसेनं हजारो रुपये मोजतो.

ब्लीचिंगची आजची घरगुती पद्धत जवळजवळ योगायोगानं सापडली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरनं रुग्णाच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी कार्बामाइड पेरॉक्साइडचं तोंडाचं औषध सुचवलं आणि ते रात्री दातांवर घालायच्या साच्यात भरून ठेवायला सांगितलं. हिरड्या सुधारल्या आणि दातही उजळले. ही युक्ती दंतवैद्यांमध्ये तोंडोतोंडी फिरत राहिली. १९८९ साली हेवूड आणि हेमन या दोघांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला, तेव्हा कुठे तिला शास्त्रीय मान्यता मिळाली. त्यानंतर बाजाराला वेळ लागला नाही. २००१ मध्ये अमेरिकेत दातांवर चिकटवायच्या ब्लीच-पट्ट्या दुकानात आल्या आणि दवाखान्यातली गोष्ट न्हाणीघराच्या कपाटात जाऊन बसली.

रसायन साधं आहे. कार्बामाइड पेरॉक्साइड फुटून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं; दहा टक्क्यांच्या जेलमधून साधारण साडेतीन टक्के. त्याचे रेणू इतके लहान की ते एनॅमलमधून आरपार डेंटिनपर्यंत पोचतात आणि तिथल्या रंगीत रेणूंचं ऑक्सिडीकरण करतात, म्हणजे त्यांची मोडतोड करून त्यांना रंगहीन बनवतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य तीव्रतेचं वापरलं तर ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अनेकांना काही दिवस थंड पाणी प्यायलं की कळ येते, हिरडीला जेल लागलं तर ती भाजते, पण बहुधा हे तात्पुरतं असतं. मर्यादा मात्र जाहिरातीत येत नाहीत. कॅप, फिलिंग, कवळी यांच्यावर पेरॉक्साइडचा परिणाम होत नाही, त्यामुळे सगळे दात उजळले की समोरची जुनी कॅप एकटी पिवळी उरते. परिणाम कायमचा नसतो. डेंटिन आपल्या मार्गानं गडद होतच राहतं. आणि खुर्चीत बसून तासाभरात जो लख्ख फरक आरशात दिसतो, त्यातला काही भाग दात कोरडे पडल्यामुळे असतो. तोंड तासभर उघडं ठेवलं तर नुसत्या कोरडेपणानंच दात फिकट दिसतात. लाळेत पुन्हा भिजले की रंग थोडा परततो. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो कोणत्या क्षणी काढले जातात, हे यावरून ओळखावं.

युरोपीय संघानं हा प्रकार नियमात बांधला. ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादनं फक्त दंतवैद्यालाच विकता येतात, पहिला वापर त्याच्या देखरेखीखाली व्हावा लागतो आणि १८ वर्षांखालच्यांवर ती वापरायला मनाई आहे. इंग्लंडमध्ये दात पांढरे करणं हे दंतवैद्यकच आहे, ब्यूटी पार्लरचं काम नाही, असा निवाडा २०१३ साली न्यायालयाला द्यावा लागला. पार्लरवाल्यांचं म्हणणं असं होतं की हा शृंगार आहे, उपचार नाही. कायद्यानं ते फेटाळलं, पण गिऱ्हाइकाच्या मनात तो शृंगारच आहे.

टूथपेस्टच्या नळीवर ‘व्हाइटनिंग’ लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा वेगळंच काम करतं. काहींत डाग खरवडणारे बारीक कण जास्त असतात. काहींत ब्लू कोव्हॅरीन नावाचा निळा रंग असतो. तो दातावर पातळ बसतो आणि पिवळेपणा डोळ्याला जाणवू देत नाही. आजीनं पांढऱ्या धोतराला नीळ दिली की ते पांढरं दिसायचं, तेच तत्त्व. धोतरातला मळ तिथेच असायचा. त्या निळीनं निदान कपडा झिजत तरी नव्हता. घरगुती उपायांचं तसं नाही. लिंबू आणि खायचा सोडा, कोळशाची पूड, स्ट्रॉबेरी चोळणं हे सगळं मोबाइलवर फिरत असतं. लिंबाचं आम्ल एनॅमल विरघळवतं आणि मऊ झालेल्या थरावर कोळसा घासला की तो निघून जातो. आठवडाभर दात चकाकतात. मग एनॅमल पातळ झाल्यामुळे आतलं पिवळं डेंटिन आणखी ठळक होतं. एनॅमल पुन्हा उगवत नाही.

आता मूळ प्रश्न. इतका खटाटोप कशासाठी? ‘ब्रिटिश डेंटल जर्नल’मध्ये २००८ साली एक अभ्यास छापून आला. एकाच माणसाच्या फोटोत संगणकावर फक्त दातांचा रंग बदलला आणि लोकांना विचारलं, हा माणूस कसा वाटतो? पांढऱ्या दातांचा तोच माणूस अधिक हुशार, अधिक मिळूनमिसळून वागणारा, संसारात अधिक सुखी वाटला. चेहरा तोच, कपडे तेच. म्हणजे दात पांढरे करून घेणारा माणूस वेडा नाही. समोरचा आपल्याला दातांवरून जोखतो, हा त्याचा हिशेब बरोबर आहे. चूक असेल तर ती जोखण्यात आहे, आणि ते जोखणं कुणीतरी शिकवलेलं आहे.

शिकवणाऱ्यांपैकी एकाचं नाव क्लॉड हॉपकिन्स. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतला हा अमेरिकेतला बडा जाहिरातलेखक. त्याच्याकडे पेप्सोडेंट नावाची टूथपेस्ट विकायचं काम आलं, तेव्हा अमेरिकेत रोज दात घासणारे थोडेच होते. दातांचे रोग टाळा, असं सांगून कुणी पेस्ट घेणार नाही, हे त्यानं ओळखलं. त्यानं वाचकांना सांगितलं: दातांवरून जीभ फिरवून पाहा. एक पापुद्रा जाणवेल. तुमचे दात मळकट दिसतात ते त्याच्यामुळे. हा पापुद्रा प्रत्येक माणसाच्या दातांवर रोज, काही तासांत पुन्हा तयार होतो. तो कायमचा घालवणारी पेस्ट जगात नाही. पण जीभ फिरवली की तो लागतोच, आणि एकदा लागला की अस्वस्थपणा सुरू. हॉपकिन्सनं १९२७ साली आपल्या आत्मचरित्रात हे डावपेच अभिमानानं सांगून टाकले: रोगाची भीती विकण्याऐवजी त्यानं सौंदर्य विकलं. धंदा म्हणून हे अचाट आहे. गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या जिभेलाच त्यानं विक्रेता बनवलं.

हॉलिवूडनं उरलेलं काम केलं. १९३०च्या दशकात चार्ल्स पिंकस नावाचा दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरती पातळ आवरणं चिकटवून द्यायचा. शर्ली टेंपल ही बालनटी तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयात होती. तिच्या खिंडारांवरही अशीच आवरणं बसत आणि प्रेक्षकांना वर्षानुवर्षं अखंड दंतपंक्ती दिसत राहिली. रात्री ती काढून ठेवावी लागत. त्याआधी दात दाखवून हसणं हेच असभ्य समजलं जाई. १७८७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात विजे-लब्रँ या चित्रकर्तीनं स्वतःचं चित्र मांडलं. मांडीवर मुलगी, ओठ किंचित उघडे आणि दात दिसताहेत. अभिरुचीला सोडून आहे, अशी बोंब झाली.

आपल्याकडची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. महाराष्ट्रात सवाष्णींच्या शृंगारात काळं दातवण होतं. लग्न झालेली बाई दात काळे करी आणि ते तिला शोभून दिसत. उत्तरेत हाच प्रकार मिस्सी म्हणून चाले. हिरडा किंवा माजूफळ आणि हिराकस किंवा लोखंडाचा कीस यांपासून ही पूड बनते. हिरड्यात टॅनिन असतं, हिराकशीत लोह. दोन्ही एकत्र आली की गडद काळा, पाण्यात सहजी न विरघळणारा पदार्थ तयार होतो. काही जुन्या पोथ्या लिहायला ज्या प्रकारची शाई वापरत, तिचं रसायन हेच. जपानमध्ये व्हिनेगरमध्ये लोखंड मुरवून त्यात टॅनिनची पूड घालत आणि तिनं दात रंगवत. त्या रीतीचं नाव ओहागुरो. तिथेही काळे दात हे कुलीनतेचं आणि विवाहित असल्याचं लक्षण होतं. व्हिएतनाममध्ये १७८९ साली क्वांग त्रुंग राजानं चिनी सैन्याविरुद्ध लढताना सैनिकांना जी हाक दिली, तिच्यात आपले लांब केस आणि काळे दात टिकवण्याचाही उल्लेख होता. पांढरे दात म्हणजे परके, किंवा जनावर.

मग हे सगळं उलटं कधी झालं? जपानमध्ये तारखाच सांगता येतात. मेजी सरकारनं १८७० साली सरदार घराण्यांना दात रंगवायची मनाई केली आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढरे दात घेऊन लोकांसमोर आली. पाश्चात्त्य वकिलातींना काळे दात रानटी वाटत होते, आणि ज्यांच्याशी तह करायचे त्यांच्या डोळ्यांना रुचेल असं तोंड करणं भाग होतं. व्हिएतनाममध्ये फ्रेंच अमलाखाली शहरी शिकलेल्या वर्गानं दात रंगवणं सोडलं. आपल्याकडे असा एखादा हुकूम निघाला नाही. शाळा, इंग्रजी शिक्षण, नंतर पावडरीच्या डब्या आणि सिनेमा यांनी दातवण हळूहळू माजघरात ढकललं. मजा अशी की काळ्या रंगाशी आपलं वाकडं नव्हतं. माकडछाप काळी दंतमंजनं पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत नांदली. ती काळी असली तरी दात पांढरे करण्यासाठी होती, हा फरक.

दातवणाच्या मागोमाग एक दुसरी काळी पूड मात्र राहिली, मशेरी. तंबाखू तव्यावर करपवून, कुटून ती दातांना लावायची. साफसफाई हे निमित्त आणि निकोटिनची तलफ हे कारण. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ साली बंदी केली, पण घरच्या तव्यावर कुणाची बंदी चालणार? खेड्यांत आणि शहरांच्या वस्त्यांत आजही बायका ती लावतात. फोटो काढताना पदर तोंडाशी नेतात. त्यांच्या तोंडाला धोका आहे तो कर्करोगाचा, लाज मात्र वाटते ती रंगाची.

रंगाची ही उतरंड दातांपुरती थांबत नाही. ‘फेअर अँड लव्हली’ भारतात १९७५ साली आली आणि २०२० मध्ये, वर्णभेदावरून जगभर गदारोळ झाल्यावर तिच्या नावातला ‘फेअर’ गेला. गोरं करण्याची जाहिरात आता उघडपणे करायला कंपन्या कचरतात. दातांच्या बाबतीत तो संकोच नाही, कारण इथे पांढरेपणा आणि आरोग्य यांची जोडी लावून दिलेली आहे. मुलगी सावळी आहे म्हणून टोमणा मारणाऱ्याला आज घरातलंच कुणीतरी गप्प करेल. दात पिवळे आहेत म्हटलं तर ती काळजी ठरते. लग्न ठरल्यावर मेंदी, फेशियल यांच्या यादीत आता ‘स्माईल मेकओव्हर’ असतो आणि मुलाकडच्यांना तो नसतो असं नाही, पण यादी लांब असते ती मुलीची. त्यात फोटोग्राफर एचडी कॅमेरा आणि पांढराफेक प्रकाश घेऊन उभा. पूर्वी स्टुडिओतला फोटो आयुष्यात दोन-चारदा निघे आणि त्यात ओठ मिटलेले असत. आता आपलं तोंड आपल्यालाच रोज हातभर अंतरावरून पाहावं लागतं.

पांढरा म्हणजे निरोगी, या समीकरणाचा सगळ्यांत जास्त मार बसतो तो ज्यांचा काहीही दोष नाही त्यांना. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरी सोय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त फ्लोराइड असलेलं पाणी लहानपणी, दात हिरडीच्या आत घडत असताना पोटात गेलं की एनॅमल नीट बनत नाही. दात खडूसारखे ठिपकेदार येतात, मग तपकिरी होतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ साली फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला हेच डाग दिसले. त्यामागे पाण्यातलं फ्लोराइड आहे, हे कळायला १९३१ उजाडलं आणि ते शोधून काढलं एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञानं. मॅकेनं आणखी एक गोष्ट टिपली होती: हे डागाळलेले दात फारसे किडत नव्हते. पण कोलोरॅडोतलं असो की यवतमाळमधलं, अशा गावातल्या मुलीला दात घासत नाहीस का, असंच विचारलं जातं. तिनं जन्मभर घासले तरी ते डाग जाणार नाहीत, आणि साधं ब्लीच केलं तर तपकिरी पट्ट्यांमधले पांढरे ठिपके उलट उठून दिसू शकतात. तिला मुळात शुद्ध पाणी हवं होतं.

ओहागुरोची एक शाखा मात्र आधुनिक दवाखान्यात पोचली आहे. काळ्या रंगवलेल्या दातांना कीड कमी लागते, हे जपानी दंतवैद्यांच्या नजरेत होतं. त्या धाग्यावरून १९६०च्या दशकात ओसाका विद्यापीठात सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध तयार झालं. किडलेल्या जागेवर ब्रशनं एक थेंब लावायचा. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, खर्च थोडा. यातली चांदी जंतू मारते, फ्लोराइड दाताला पुन्हा कठीण व्हायला मदत करतं आणि बऱ्याच वेळा कीड तिथेच थांबते. ड्रिलला घाबरून किंचाळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी, दंतवैद्य नसलेल्या गावासाठी याहून सोयीचं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. त्याची अडचण एकच: जिथे कीड थांबते, तिथे दात कायमचा काळा होतो. मागच्या दाढांना पालक सहसा हरकत घेत नाहीत. समोरच्या दातांची वेळ आली की अनेकजण नको म्हणतात आणि मुलाला गुंगी देऊन फिलिंग करायला तयार होतात, म्हणजे खर्चही जास्त आणि धोकाही जास्त. म्हणूनच अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या औषधासाठी पालकांची संमती घेताना दात काळा पडणार, हे ठळकपणे सांगायला बजावलेलं आहे. बरेच डॉक्टर सहीच्या कागदासोबत तशा काळ्या दाताचा फोटोही दाखवतात.